मुखवट्याचा हेवा

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या प्लांटला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर बसायचे. काम सेफ्टी ऑफिसरचं, पण हातात कायम प्राचीन ग्रीक रंगभूमीची ओळख करून देणारं लायब्ररीचं पुस्तक. मुदत संपली की परत तेच घेऊन यायचे.

मान वळवून मला सांगायचे, "वहिनी, त्यांच्या नाटकात मरण सहसा प्रेक्षकांसमोर घडत नसे. निरोप्या येऊन सांगायचा. तेही तोंडावर मुखवटा लावून, बरं का! मला आपला त्याचा हेवा वाटतो."

मी कसंनुसं हसायचे. प्लांटमध्ये काही झालं तर घरच्यांना कळवायचं काम त्यांचंच होतं, मी तिथल्या ऑफिसात होते, आणि माझा नवरा त्याच प्लांटमध्ये शिफ्टला असायचा. त्यांचा फोन वाजला की मी आधी नवऱ्याची शिफ्ट कोणती ते आठवायचे.

त्या आठवड्यात शेजारच्या देशातल्या वणव्यांचा धूर सिंगापूरभर पसरला होता. बसमध्ये सगळेच मास्क लावून बसलो होतो. त्यांचा फोन वाजला. ते नुसतं "येस, येस" म्हणाले. पुस्तक मिटून सीटवर ठेवलं, उठले, तोंडावरचा मास्क काढून खिशात घातला आणि माझ्या दिशेने वळले. मी समोरचा दांडा घट्ट धरला.

ते मला ओलांडून मागच्या सीटपाशी थांबले. तिथे आमच्याकडचा बिहारी वेल्डर बसला होता.

"भैया, ज़रा सरकना," ते त्याच्याशेजारी बसत म्हणाले. "तुम्हारे भाई की बात करनी है."

मी सुटकेचा श्वास टाकला. माझं तोंड झाकलेलं होतं, हे फार बरं झालं.