पश्चिमेस गोठा

आमच्या गावात त्या काळी वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि मी तर मास्तर. कुणाचं पत्र आलं, कुणाला कचेरीची नोटीस आली, की माणूस थेट माझ्या ओसरीवर. मास्तरला कागदातलं सगळं कळतं असा गावाचा समज होता. माझा समज तर गावापेक्षाही पक्का होता.

घर वडिलांनी बांधलेलं, मातीचं. एक भिंत पोट काढून उभी होती. मला विटांचं घर हवं होतं. अनसिंगच्या एका सावकारानं कागद तयार करून दिला होता, "सही करा आन् पैसे घेऊन जा" म्हणाला होता. मी तो कागद तीनदा वाचला. आता सहीच करायची, तेवढ्यात शाळेत एक पाहुणा आला. वाशीमच्या एका सहकारी बँकेचा कर्जाचा साहेब. खेड्याखेड्यांतून सायकलीवर हिंडायचा आणि घर गहाण ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते लोकांना समजावून सांगायचा. वयानं माझ्याहून लहान, मूळचा अकोल्याचा.

मास्तरानं त्याच्यापुढे अडाण्यासारखं कसं विचारायचं? मी म्हणालो, "माझ्या एका मित्राला माहिती पाहिजे होती."

साहेबानं सायकल पुढे ओढली. "समजा, ही सायकल तुमच्या मित्राची आहे. मी त्याला पैसे दिले. सायकल तोच चालवतो, माझ्याकडे फक्त कागद. हे झालं साधं गहाण, आमची बँक हेच करते. आता सायकल मी घेऊन गेलो, पैसे फिटेपर्यंत मीच चालवली, तर ते ताबेगहाण. आणि तिसरा प्रकार असा, की मित्रानं सायकल मला विकली असंच लिहून दिलं. ठरल्या मुदतीत पैसे आणले तर सायकल परत, एक दिवस चुकला तर गेली. मित्राचा कागद कोणता आहे?"

मी खिशातून कागद काढला. मित्राचा कागद माझ्या खिशात कसा, हे त्यानं विचारलं नाही. वाचून नुसतं म्हणाला, "तिसरा."

तीनदा वाचून मला ते गहाणच वाटलं होतं. माझे कान तापले. "हो, मला शंका होतीच," मी म्हणालो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

पुढच्या आठवड्यात तो बँकेच्या कर्जासाठी माझं घर बघायला आला. आता मित्राचं नाटक संपलं होतं. बाजाराचा दिवस होता, आणि तो दिवस मीच सांगितला होता. का, ते सांगतो.

घराच्या पश्चिम भिंतीला लागून कुडाची एक खोली होती. तिच्यात माझी मावशी राहायची, आईची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली. वडिलांनी तिला ती जागा तोंडी देऊन टाकली होती. मावशी दर बाजारी अनसिंगला जाऊन भजी तळायची. तिच्या लुगड्याला तेलाचा वास कायम. त्याच भज्यांवर मी मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास झालो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर झाल्यावर मला ते कुणी बोललेलं आवडत नसे. बाजारात शाळेतली पोरं दिसली की मी तिच्या कढईकडे पाठ करून उभा राहायचो. तिला ते दिसायचं. पण घरी आल्यावर माझ्या वाटणीची भजी ती वेगळी बांधून आणायची आणि मी ती खायचो.

साहेबानं घर मोजलं आणि लिहायला बसला. चतुःसीमा म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय काय आहे ते. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस चुलत्यांचं घर. उत्तरेस देवळाची जागा.

"पश्चिमेस ती खोली कुणाची? कुणी राहतं तिथं? राहत असेल तर त्यांची जागा वेगळी दाखवू, त्यांनाही समोर बसवून विचारावं लागेल. भिण्यासारखं काही नाही."

त्यानं किती सोपं करून विचारलं होतं! नुसतं "माझी मावशी" म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते तेलकट लुगडं आलं, नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिची होणारी चलबिचल आली, आणि हा अकोल्याचा माणूस मला कुणाचा भाचा म्हणून ओळखेल तेही आलं. मी म्हणालो, "तो गोठा आहे, आमचाच."

त्यानं लिहिलं, पश्चिमेस स्वतःचा गोठा. गोठ्यासकट घर गहाण.

रजिस्ट्रीच्या दिवशी आई सोबत होती, कारण घर वडिलांमागं तिच्याही नावावर होतं. अंगठा देणाऱ्याला कागद मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. कारकून वाचत गेला. 'गोठा' शब्द आला तशी आईनं शाई लावलेला अंगठा वरच धरला.

"कोनाचा गोठा रे बापू? आपल्या घरी ढोर कुठी हाये?"

"कागदाची भाषा असते ती, आई. तुला नाही कळायचं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं अंगठा टेकवला. आयुष्यभर मी गावाला कागद समजावून सांगितले, आणि आईला हा असा सांगितला.

घर झालं. विटांचं, वर कौलं. त्यानंतर साहेब झालेलं काम पाहायला येणार असा निरोप आला. मी घाबरलो नाही असं म्हटलं तर खोटं होईल. बाजाराचा दिवस नव्हता, मावशी घरीच असणार. आदल्या दिवशी मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काय सांगणार होतो? "तू आज इथं राहत नाहीस" असं?

सांगायची वेळच आली नाही. साहेब आल्यावर त्याला घेऊन मी पश्चिमेला वळलो आणि जागीच थबकलो. खोलीत गाय बांधलेली होती. चुलत्यांची. चूल मोडलेली, गाडगी-मडकी, कढई, अंथरूण, काही म्हणता काही नाही. खाली कडबा. आईनं तिला कधी सांगितलं, तिनं चुलत्यांना काय सांगून गाय आणली, मला आजवर माहीत नाही. दारातच मावशी हातात शेणाचं टोपलं घेऊन उभी होती.

साहेबानं आत वाकून पाहिलं. चुलीच्या धुरानं काळी झालेली भिंत पाहिली. कोनाड्यात देव नव्हते, पण हळदीकुंकवाचे डाग ताजे होते. तो बाहेर आला आणि हलक्या आवाजात मला म्हणाला, "मास्तर, कागदात चूक राहून जाते. चूकदुरुस्तीचा लेख करता येतो. पुष्कळ जण करतात, त्यात लाज कसली? कर्जालाही धक्का लागत नाही. मी स्वतः करून देईन."

मी बोलायच्या आत मावशी पुढे झाली.

"साहेब, चूक कायची? गाय मास्तरचीच हाये. मी शेन काढाले येतो त्यायच्या घरी."

साहेब माझ्याकडे बघत उभा राहिला. त्यानं घाई केली नाही. मला पुरेसा वेळ दिला.

मी म्हणालो, "चला साहेब, आत चहा घेऊ."

संध्याकाळी मावशीनं गाय सोडून दिली, खोली सारवली, पुन्हा चूल मांडली. मी नव्या घराच्या खिडकीतून पाहत होतो, मदतीला गेलो नाही. पुढच्या बाजाराला ती माझ्या वाटणीची भजी घेऊन आली, नेहमीसारखी. मात्र उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरूनच हाक मारली, "मास्तर, भजे ठेवले." तोवर ती मला बापू म्हणायची. त्यानंतर मरेपर्यंत मास्तरच म्हणाली, आणि मी ओ देत गेलो.