कुंकवाखालचा लाल रंग

मी कारखान्यातल्या प्रेस शॉपवर पोचले तेव्हा डाय फरशीवर आडवी पडली होती आणि तिच्या दोन बाजूंना दोन माणसं धडधाकट उभी होती. वर क्रेनच्या हुकाला तुटलेलं स्लिंग लोंबकळत होतं. दत्ता रडत होता. युनूस रडत नव्हता, पण त्याचे ओठ हलत होते.

आधी जरा समजावून सांगते. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून तयार होतात. ज्या पोलादी साच्यात पत्रा दाबतात, ती डाय. ती इतकी जड की हत्ती परवडला. ती उचलायची क्रेनने, आणि क्रेनचा हुक आणि डाय यांच्यामध्ये तारांचा पीळ घातलेला जो जाड दोर असतो ते स्लिंग. ते तुटलं की खाली असेल त्याचा पापड. मी तिथे सेफ्टी ऑफिसर होते. त्याआधी बरीच वर्षं क्वालिटीत काढली होती, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मोजून बघायची खोड होती आणि अजून आहे.

दसऱ्याची सुट्टी संपून पहिलीच शिफ्ट होती. मशीनवरचे झेंडूचे हार अजून सुकायचे होते. दत्ता अंबाजोगाईकडचा आणि युनूस दिघीचा. या जोडीइतक्या सफाईने डाय बदलणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये एकाच सीटवर बसायचे, डबाही एकत्र खायचे. त्या सकाळी दोघं डायला हात लावून तिला दिशा देत होते, आणि स्लिंग तुटायच्या क्षणभर आधी दोघंही मागे सरकले.

का सरकलात, हे मी त्याच दिवशी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. दत्ता म्हणाला, "मॅडम, योगेश्वरी आईचा आवाज आला. बाईमाणसाचा आवाज. मनली, दत्ता, मागं सर. कापराचा वास बी आला."

युनूस म्हणाला, सकाळी काम सुरू करताना तो नेहमीची दुआ म्हणतो, तशी म्हटली होती. डाय वर गेली आणि त्याला छातीवर तळहात टेकल्यासारखा वाटला. कोणीतरी हळूच मागे ढकललं. "अल्लाहने ढकललं, मॅडम. मी झूठ कशाला बोलू?"

दोघंही खरं बोलत होते, यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला. डाय पडली तिथल्या खांबावर कोणीतरी देवीचा फोटो लावला, उदबत्ती पेटवली, खाली नारळांची रास. तिथवरही ठीक होतं. मग गर्दीतल्या एका दीडशहाण्याने युनूसला सांगितलं की तुलाही देवीनेच वाचवलं, तेव्हा तूही नारळ फोड. युनूस म्हणाला, मला ज्याने वाचवलं त्याला नारळ लागत नाही. हे दत्ताच्या जिव्हारी लागलं. माझी आई खोटी का, असं त्याने विचारलं. मी तसं म्हटलेलं नाही, पण मला कोणी ढकललं ते मला माहीत आहे, असं युनूस म्हणाला. झालं. बोलणं बंद.

बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन माणसं बोलत नाहीत तर बिघडलं काय. डाय बदलताना मशीनच्या आवाजात सगळं काम इशाऱ्यांवर चालतं. एक बघतो, हात वर करतो, मग दुसरा बोल्ट सोडतो. एकमेकांच्या तोंडाकडे न बघणारी जोडी या कामावर म्हणजे पुढच्या अपघाताची तयारीच. त्यात युनूसने एचआरकडे बदलीचा अर्ज दिला. दुसऱ्या युनिटला गेला असता तर इतक्या वर्षांचा सेटर, म्हणजे डाय बसवणारा कारागीर, तिथे हेल्पर म्हणून उभा राहिला असता. घरी शाळेतल्या दोन मुली. मला त्याचा रागच आला. मग कळलं, बसमध्ये त्याच्या शेजारची सीट आता कोणी घेत नाही. मग राग दुसऱ्या दिशेला वळला.

प्लांट हेड मात्र खुशीत होते. त्यांनी खांबापाशी संगमरवरी देऊळ बांधायला मंजुरीसुद्धा देऊन टाकली. मला म्हणाले, देवाने वाचवलंय, आपण कशाला उकरत बसायचं?

मी म्हटलं, "सर, वाचवलं कोणी याची चौकशी माझ्याकडे नाही. तोडलं कोणी याची आहे."

त्यांना ते आवडलं नाही. पण सेफ्टीवाली बाई म्हणजे घरातली आत्या, तिला कोणी हाकलून देत नाही.

त्याच दुपारी दत्ता माझ्या केबिनमध्ये आला. उभाच राहिला. ज्याला अनुभव येतो तो माणूस खोटा असतो का, असं विचारू लागला. मी म्हटलं, मुळीच नाही. तर म्हणाला, मग युनूसला समजावा.

टेबलावर माझा जुना गेज कागद दाबायला ठेवलेला असतो. तो मी त्याच्या हातात दिला. भोक बरोबर मापाचं पडलं की नाही ते तपासायला ही पोलादी दांडी असते. एका टोकाला गो, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसऱ्या टोकाला नो-गो, ते जाता कामा नये. दोन्ही टोकं लावल्याशिवाय पार्ट पास होत नाही, कारण नुसतं गो तर मोठ्या पडलेल्या भोकातही आरामात जातं.

"दत्ता, तुझा अनुभव गो आहे," मी म्हटलं. "लावला, गेला, खरा. पण युनूसचा लावला तर तोही तितकाच सफाईने जातो. दोघांतलं एक निवडायचं तर नो-गो लागेल. ते तुझ्याकडे नाही, त्याच्याकडे नाही आणि मी क्वालिटीत जन्म काढला, माझ्याकडेही नाही."

तो गेज फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला निवडायचं नाही, मॅडम. त्यानं माझ्या आईला नाही मनू नये, एवढंच."

माझ्या स्वतःच्या पर्समध्ये कुलदैवताच्या अंगाऱ्याची पुडी असते, कोणी तिला नाही म्हटलं तर मलाही झोंबेल. मी त्याला चहा पाजला आणि तुटलेलं स्लिंग घेऊन स्टोअरला गेले.

स्टोअर सांभाळायचे किसनकाका. इथल्याच गावचे. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली आणि बदल्यात नोकरी मिळाली. पुढे पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हापासून ते स्टोअरला. डाव्या हाताने त्यांनी स्लिंग उलटसुलट केलं, टोकाचा फास नाकाजवळ नेला आणि रॉकेलचं फडकं मागितलं. फास पुसला. कुंकू निघून फडक्यावर आलं. त्याखाली पुन्हा लालच होतं, आणि ते काही निघेना.

तो ऑइलपेंट होता. स्लिंगच्या तारा तुटायला लागल्या की ते बाद करायचं आणि फासाला लाल रंग मारायचा, अशी आमची रीत. लाल दिसलं की हात लावायचा नाही.

काका म्हणाले, "ह्ये तर म्याच लाल मारून कोपऱ्यात टाकल्यालं."

पुढचं त्यांच्याकडूनच कळलं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं मांडून पूजा होते. दत्ता स्टोअरमध्ये आला, कोपऱ्यातलं बाद स्लिंग बघून हळहळला. यानेही वर्षभर ओझं उचललंय, याला का वगळायचं, म्हणून मांडणीत घेऊन गेला. हळदकुंकू वाहिलं. सुट्टीनंतर युनूसने मांडणीतून हाताला लागेल ते स्लिंग उचललं. लाल दिसलं नाही का? दिसलं. पण त्या दिवशी पान्यापासून क्रेनच्या हुकापर्यंत प्रत्येक वस्तू लालच होती.

मी दोघांना स्टोअरमध्ये बोलावलं आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या टोकाचा फास पुसला. दोघांनी फडक्याकडे बघितलं, मग स्लिंगकडे.

"हे मी नेलं होतं," दत्ता म्हणाला.

"आणि मी लावलं," युनूस म्हणाला.

कितीतरी दिवसांनी ते एकाच गोष्टीवर बोलत होते. मला वाटलं, सुटलं. पण दत्ता लगेच पुटपुटला, तरी वाचवलं आईनेच. युनूसची मान ताठ झाली. तोही काहीतरी म्हणणार, तेवढ्यात किसनकाका बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही. स्लिंगची गुंडाळी करत होते, ती करतच राहिले.

"मलाबी आवाज आल्ता. भैरोबाचा. मी प्रेसमधी हात घालून पत्रा काढत व्हतो. थांब, म्हनला. मी थांबलो. प्रेस खाली आली, हात ग्येला. न थांबता काडला असता तर वाचला असता."

काकांनी गुंडाळीला आणखी एक वेढा दिला.

"मी द्येवाला खोटा म्हनत न्हाई. आजूनबी रोज दिवा लावतो, ह्या डाव्या हातानं. पर माजा हात ग्येला तवा कुनी दिऊळ बांधाय आलं न्हाई. तुमी दोगं वाचला म्हून तुमचं द्येव खरं. मंग माजा कसा रं?"

इतकी वर्षं मी त्यांच्याकडून स्लिंग आणि हातमोजे सही करून घेत आले, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारली नव्हती. गो आणि नो-गो घेऊन मी दत्तापुढे जे मांडलं, त्याचं दुसरं, नो-गोचं टोक हा माणूस बाहीत घेऊन फिरत होता.

दत्ता खाली बसला. युनूसने काकांच्या हातातून स्लिंग घेतलं आणि त्यानेच गुंडाळी पुरी केली.

रिपोर्ट मी सरळ लिहिला. बाद स्लिंग त्याच दिवशी कापायला हवं होतं. कापलं नाही, कारण स्टोअरला कटर नव्हता आणि एका हाताच्या माणसाने तारा कशातरी कापाव्यात अशी अपेक्षा आम्ही ठेवली होती. पूजेचा दोष नाही, दत्ताचा नाही, युनूसचा नाही. प्लांट हेड कुरकुरले, पण कटर आला आणि तो चालवायला माणूसही मिळाला. देवळाचा विषय मागे पडला. खांबावरचा फोटो दत्ताने स्वतः उतरवला आणि गेटजवळच्या कंपनीच्या जुन्या देवळात नेऊन ठेवला. युनूसने अर्ज मागे घेतला. गळाभेट वगैरे काही झाली नाही. मधे बरेच दिवस गेले, आणि एका सकाळी बसमध्ये दत्ताने खिडकीकडे सरकून जागा केली, एवढंच.

दोघांची मतंही बदलली नाहीत. दत्ता अजून म्हणतो आईने हाक मारली, युनूस म्हणतो अल्लाहने ढकललं. फक्त किसनकाका समोर असले की दोघंही तो विषय काढत नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम स्टोअरला गेले. मांडणी तयार होती, दत्ताच्या हातात कुंकवाची वाटी होती, पण तो थांबला होता. कोपऱ्यात एक बाद स्लिंग पडलेलं. तो युनूसला म्हणाला, "आधी तू काप, मग मी वाहतो." युनूसने कटर लावून तुकडे केले. दत्ताने तुकड्यांनाही कुंकू लावलं, आणि मग किसनकाकांच्या डाव्या हातात नारळ दिला.

बाद मालाचा रंग आम्ही तेव्हापासून निळा ठेवला आहे.