त्या नावाला सगळे उभे राहायचे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी एखादी केस सांगा म्हटलं की मला आजही आधी आठवते ती नागपुरातल्या एका जुन्या चर्चमधून गेलेली वही. ना रक्त, ना हत्यार. तरी त्या केसइतका मी दुसरीकडे कुठे शरमलो नाही, आणि तिथल्या माणसांइतका आदर मला फार थोड्यांबद्दल वाटला.

तेव्हा मी त्या हद्दीतल्या ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना चर्चचे पाद्री आणि चिटणीस आले. चिटणीस धरमपेठेत राहणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. बाप्तिस्म्याची पहिली नोंदवही कपाटातून नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली राखणदाराकडे असायची. येत्या रविवारी चर्चचा वर्धापनदिन होता. वहीच्या पानांचे फोटो काढून ते त्या दिवशी भिंतीवर लावायचे, असं ठरलं होतं.

पाद्री म्हणाले, “साहेब, रविवारपर्यंत गुन्हा नोंदवू नका. आपलाच कोणीतरी असेल.”

मी लेखी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. पाद्री बाहेर पडल्यावर चिटणीस मागे रेंगाळले आणि हळूच म्हणाले, “माझं नाव घेऊ नका, पण राखणदाराला गुरुवारी गाठोडं नेताना पाहिलं आहे.”

टीप हातात आली की पोलिसाला घाई सुटते. मलाही सुटली. राखणदाराला बोलावून दिवसभर बाकावर बसवलं. साठीचा माणूस, तीन पिढ्यांपासून चर्चच्या आवारातल्या खोलीत राहणारा. गाठोड्यात फाटलेली गाण्यांची पुस्तकं होती, बाइंडिंगला दिलेली. बाइंडरकडे शिपाई पाठवला, तर ते खरं निघालं. तरी मी त्याला सोडलं नाही.

“किल्ली कोणाला दिली होती?”

“किल्ली सगळेच मांगून नेतात साहेब.”

“नाव सांग.”

“नाव घेतलं तं त्यालेही तुम्ही असंच बसवून ठेवान. ज्यानं नेली तो आणून देईन.”

“सोमवारी गुन्हा नोंदवून तुला आत टाकीन. खोली जाईल, नोकरी जाईल.”

“जाईन तं जाईन,” तो म्हणाला. नाव काही निघालं नाही. संध्याकाळी मी त्याला घरी पाठवलं आणि स्वतः चर्च पाहायला गेलो.

कामठीच्या छावणीतले गोरे शिपाई एकेकाळी इथे प्रार्थनेला येत. सागवानी बाकांच्या पाठीला बंदुका उभ्या करायला खाचा केलेल्या आहेत. गोरे गेले, बंदुका गेल्या. आता त्या खाचांत म्हातारी माणसं आपल्या काठ्या ठेवतात. मला ते फार आवडलं. गेलेली वही मात्र साहेबांची नव्हती. ती इथल्या लोकांची होती. खानसामे, आया, घोडे सांभाळणारे मोतद्दार आणि दुष्काळात आईबाप गमावलेली पोरं, अशा पहिल्या माणसांची नावं तिच्यात होती.

पुढच्या बाकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मेयो हॉस्पिटलात चाळीस वर्षं नर्स होत्या, आता डोळे गेलेले. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत.

“काहून गा साहेब, आमच्या राखणदाराले धरून नेलं म्हणे?”

मी विषय बदलला. वही नाही, तर रविवारचं काय होणार, असं विचारलं.

“वही गेली, नावं कुठं गेली? दरसाल वाचतात. लहानपणापासून ऐकून राहिली मी. मी म्हणीन.” मग त्यांनी रीत सांगितली. एकेक नाव पुकारलं की त्याचे वंशज उभे राहतात. “अन् ज्याचं कोणीच उरलं नाही, त्याच्यासाठी सगळे उभे राहतात. त्याले बिनवारस नाही ठेवत आम्ही.”

रविवारी मी साध्या कपड्यांत शेवटच्या बाकावर बसलो. राखणदार दाराशी उभा होता. उद्या अटक व्हायची असूनही त्याने बाकं लख्ख पुसली होती. सिस्टरबाई नावं म्हणू लागल्या. कुठे एक कुटुंब उठे, कुठे दोन. मग एक नाव घेऊन त्या म्हणाल्या, “दुष्काळात रस्त्यावर सापडलेलं पोर. वय अंदाजे पाच. बापाचं नाव माहीत नाही.” त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

सगळं चर्च उभं राहिलं. गुडघे गेलेली म्हातारी माणसंही खाचेतल्या काठ्या काढून उठली. एकच माणूस खाली मान घालून बसून राहिला. ते चिटणीस होते.

प्रार्थना संपल्यावर मी नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. एक प्रश्नही विचारावा लागला नाही. आजवर शुद्ध बोलणारा तो माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

“तो माझा आजा आहे साहेब. वहीत नावाच्या बाजूले तेव्हाच्या पाद्र्यानं मागून बारीक अक्षरात लिहिलं आहे, ते कोणी वाचत नाही, मोठेपणी त्यानं कोणतं आडनाव घेतलं ते. आमचं आडनाव.” त्यांना वडिलांनी सांगितलं होतं की आजोबा भोसल्यांच्या दरबारी घराण्यातले. मुलीच्या ठरत असलेल्या सोयरिकीत त्यांनी तेच अभिमानाने सांगितलं होतं. फोटोसाठी राखणदाराकडून किल्ली घेऊन वही उघडली आणि खरं कळलं. “पान फाडाले गेलो, तं हात नाही उचलला. आज पाय नाही उचलले. जिंदगीभर त्याच्यासाठी परका म्हणून उभा राहिलो. आज कसा राहू?”

वही घरच्या कपाटात धोतरात गुंडाळलेली होती. ती दुपारीच परत आली. पाद्रींनी अर्ज मागे घेतला, मी तो निकाली काढला. चिटणीस राखणदाराच्या पायाशी वाकले, त्याने त्यांना वर उठवलं. माफी मागायची माझीही पाळी होती. वर्दीला ती सवय नसते. राखणदारच म्हणाला, “चहा घेता का साहेब?”

टीप कोणी दिली आणि का दिली, हे आधी तपासावं, एवढं त्या केसने मला शिकवलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, गप्प राहणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो, कधी तो दुसऱ्याची अब्रू झाकत असतो. आमच्या खात्यात हे कोणी शिकवत नाही.

पुढच्या वर्षी वर्धापनदिनाचं आमंत्रण आलं. वही समोर उघडी होती, तरी नावं सिस्टरबाईच म्हणत होत्या. ते नाव आलं आणि सवयीने सगळी बाकं करकरली, माणसं उठू लागली. सिस्टरबाईंनी हात वर केला.

“बसा गा, बसा. त्याच्या घरचे आले आहेत.”

चिटणीस उभे होते. शेजारी त्यांची मुलगी, जावई आणि जावयाचे आईवडील. बाकी सगळे खाली बसले. मीही नकळत उठलो होतो. मुकाट्याने बसलो.