विंगेतला धवला

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कुणाचं लग्न ठरलं की पहिलं बोलावणं नीराबाईला जायचं. भट आला तर यावा, वाटेत कुठं अडकला तर अडकावा, त्याच्यावाचून कुणाचं खोळंबत नसे. पण धवले म्हणणारी, धवलारीण, आली नाही तर मांडवात नुसतीच माणसं. शहरातल्या लोकांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. त्यांना वाटतं, धवले म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. अहो, गाणी कसली! धवला हेच लग्न. देवांना एकेकाचं नाव घेऊन उठवायचं, मांडवात आणायचं, नवरानवरीच्या डोक्यावर त्यांचा हात ठेववायचा आणि सगळं पार पडलं की ज्याला त्याला आपापल्या ठिकाणी पोचतं करायचं. ह्या शेवटाला बोळवण म्हणतात. बोळवण झाली की लग्न पक्कं, मग ते देवालाही सोडवता यायचं नाही, असं नीराबाईच येताजाता सगळ्यांना बजावायची.

बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. आवाज होता, आणि आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या हाताखाली ठमी नावाची शेजारची पोर धवले शिकत होती. बिचारीला बोळवणीखेरीज सगळं येत होतं. एका नारळी पुनवेला ठमीनं बंदरावर पोरींच्या बाहुला-बाहुलीच्या लग्नात मजा म्हणून धवला लावला. नीराबाईला कळलं मात्र, ती तशीच ओल्या लुगड्यानं बंदरावर गेली.

"देवांस्नी हाका मारल्यास, आनि आता उभं ठेवलंस व्हय गो? खेल हाय का तुझ्या बापाचा?"

"मावशे, बाहुल्या व्हत्या गो त्या," ठमी रडत म्हणाली.

"बाहुल्या व्हत्या, पन धवला खरा व्हता ना? पुन्ना माझ्या बाजूला बसायचं न्हाय."

आणि खरंच, त्या दिवसापासून ठमीला तिनं कुठल्या मांडवात शेजारी बसू दिलं नाही. नवरा अंबाजी म्हणाला, "जाऊ दे गो, पोरगी हाय." पण ऐकेल ती नीराबाई कसली! तिचं एकच म्हणणं: असल्या तोंडातनं माझ्या जनीचं लगीन लागायचं न्हाय. जनी म्हणजे तिची एकुलती लेक. जनीचा धवला आपणच म्हणायचा, हे नीराबाईनं ती पाळण्यात असल्यापासून मनाशी धरलं होतं. तिच्यासाठी म्हणून निराळ्या ओळी जुळवून ठेवल्या होत्या, त्यांत अंबाजीच्या होडीचं नाव होतं, गेलेल्या आजीचं होतं. दुसऱ्या कुणाच्या लग्नात त्या ओळी तिनं चुकूनही तोंडातून काढल्या नाहीत.

बोलपट यायच्या दोन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. नीराबाईचा भाचा शिवदास मुंबईला गिरगावातल्या एका नाटकगृहात पडदे ओढायचा. शिडाचे दोर ओढून तयार झालेले हात, नाटकवाल्यांना असले कोळी फार उपयोगाचे. तिथल्या कंपनीनं नवं नाटक घेतलं होतं आणि त्यात कोळ्याचं लग्न होतं. पेटीवाल्यानं त्याला चाल लावली होती, पण ती ऐकून तालीममास्तरच कंटाळला. शिवदासाला गप्प बसवेना. "माझी आत्या म्हनते तसं कोनाला म्हनता येनार न्हाय," तो बोलून गेला. मग काय, आला आगबोटीनं आत्याला न्यायला.

नीराबाईनं आधी आढेवेढे घेतले. पण "मुंबईची मानसं तिकीट काढून तुला ऐकनार गो आत्ये," असं शिवदास म्हणाला आणि बाई विरघळली. खोटं कशाला बोला! देवाचं कारण तिनं सांगितलं खरं, पण मनातून तिला मिरवायचं होतं. सगळ्यांनाच असतं ते.

नाटकगृह बघून ती बावरली. विजेचे दिवे, मखमली खुर्च्या, वर गॅलरीत पानं खाऊन रेलून बसलेली माणसं. रंगमंचावर खोटी होडी, खोटं जाळं, आणि मांडवात नवरी म्हणून बसलेली ती तर मघाशी आत आरशापुढं दाढी करताना तिनं पाहिली होती. नीराबाईनं मास्तराला गाठलं.

"दादा, हे दोघं बी बापये हायत. मी कोनाचं लगीन लावू?"

"अहो बाई, लग्न कसलं लावताय! तुम्ही फक्त म्हणा. नाटक आहे हे."

तिनं म्हटलं. पेटी बंद ठेवायला लावली आणि म्हटलं. देवांची नावं घेत तिचा आवाज चढला तसं अख्खं थेटर गप्प झालं. गॅलरीतल्या पान खाणाऱ्यांनी तोंडं हलवायची थांबवली. आणि देव मांडवात आले न आले तोच टाळ्यांचा कडकडाट, आणि आरोळी: "वन्समोअर! वन्समोअर!"

"काय बोलतात रे हे?" तिनं शेजारच्या नटाला विचारलं.

"पुन्हा म्हणा म्हणतात."

"अगो बाय! उभी नवरी पुन्ना उभी करू?"

पण तिनं पुन्हा म्हटलं. हेच तिचं चुकलं, आणि का चुकलं ते सांगून टाकतो: तिला ते आवडलं. कोळीवाड्यात धवला ऐकून कुणी टाळ्या वाजवत नाही, नवरीच्या डोक्यावरचा पदर नीट आहे का ते बघतात. इथं तिच्यासाठी वाजत होत्या. मग शिवदासानं दोर सोडला, पडदा पडला, नट घाम पुसत निघून गेले आणि नीराबाई त्या खोट्या मांडवात एकटीच उरली. देव बोलावले, दोनदा बोलावले, आणि बोळवण? ती तर राहिलीच की. ठमीला जे म्हणून हाकललं ते आपल्या हातून झालं होतं, आणि बाहुल्यांपुढं नव्हे, भरल्या थेटरात.

ती विंगेत गेली, शिवदासाच्या दोरांपाशी खाली बसली आणि पुढचा प्रवेश चालू असताना दबक्या आवाजात उरलेला धवला म्हणायला लागली. एकेक देव नाव घेऊन परत पाठवला. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग सगळा हंगाम तेच चाललं. पुढं टाळ्या, मागं बोळवण. देवांची व्यवस्था लागली, तिची हौस भागली. आपण कुणाचंही काही चुकवलेलं नाही, अशा समाधानात ती शिमग्याआधी घरी आली. अंगावर कंपनीनं दिलेलं नवं लुगडं होतं आणि चालणं जरा बदललं होतं.

जनीचं ठरलं श्रीवर्धनच्या कान्हाशी. साखरपुड्याला तिकडची माणसं आली, घर ओटीपर्यंत भरून गेलं. जेवणं झाल्यावर शिवदास रंगात आला. आत्याचं कौतुक करायला निघाला गाढव! वन्समोअर सांगितला, टाळ्या सांगितल्या, आणि वर म्हणाला, "पन माझी आत्या येडी न्हाय हां. पडद्यामागं बसून पुरा धवला म्हनायची. बोळवन केल्याबिगर उठली न्हाय कवा."

कान्हाची आजी मनुबाई कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता थांबला.

"बोळवन पन केली?"

"व्हय तर!"

"दोन बापयांची?"

शिवदास हसला. बाकी कुणी हसलं नाही.

मनुबाई नीराबाईकडं वळली. आवाज न चढवता म्हणाली, "अर्धा सोडला असतास तं मी नाटक म्हटलं असतं बाय. पुरा केलास म्हंजे लगीन लागलं. तूच सांगतेस ना सगल्यांना? रोज त्याच दोघांचं लगीन लावलंस, आनि त्याच तोंडानं माझ्या नातवाला उभा करतेस?"

  "देव ताटकलू नयेत म्हनून केलं गो," एवढंच नीराबाई कशीबशी म्हणाली. "तं बोलावलेस कशाला?" मनुबाई म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली. अंबाजी मान खाली घालून बसला. लग्न मोडलं नाही, पण धवला दुसरी म्हणेल असं ठरलं. दुसरी कोण? ठमी. दुसरी होतीच कुठं!

रात्री जनी आईजवळ आली. नीराबाईला वाटलं, पोरगी म्हणेल, आये, तू म्हणत नसशील तर मी उभी राहत नाही. लहानपणी शंभरदा म्हणाली होती. जनी म्हणाली, "आये, तू त्या दिवशी आतच रहा हां. त्यांना उगा कायतरी वाटायचं." नीराबाईनं मान हलवली.

चार दिवसांनी ठमी दारात उभी. "मावशे, बोळवन शिकव. शेवट मना येत न्हाय, तुला ठावं हाय." जुना राग काढायला आली नव्हती बिचारी, भ्यायली होती. नीराबाईनं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. मनात म्हणाली, अडू दे. अडलं म्हणजे येतील पाय धरायला.

लग्नाच्या दिवशी ती चुलीपाशी बसली. बाहेर मांडवात ठमीची जागा चुलीमागच्या कुडाच्या भिंतीला लागूनच होती, तिची पाठ कारवीच्या फटींतून दिसत होती. ठमीनं देव उठवले, मांडवात आणले. चुकली नाही कुठं. जनीच्या त्या खास ओळी मात्र आल्या नाहीत, येणार कुठून? आणि मग देवांचा हात ठेववून झाल्यावर ठमी थांबली.

उरली ती बोळवण. नीराबाई ताठ बसून राहिली. आता हाक येईल. मनुबाई उठेल, आत येईल, म्हणेल चल गो बाय, तुझ्यावाचून होत नाही. तिनं पदर सावरूनही घेतला. कुणी आलं नाही. बाहेर कुजबूज वाढली, "अपशकुन" असं कुणीतरी म्हणालं. नीराबाई फटीशी गेली. जनी भेदरून ठमीच्या तोंडाकडं बघत होती. आईला शोधत नव्हती. घराच्या दाराकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

नीराबाईनं तोंड कुडाला लावलं आणि दबक्या आवाजात पहिली ओळ सोडली. ठमीची पाठ हलली. तिनं ती ओळ मोठ्यानं म्हटली. मग दुसरी. आतून एक, बाहेरून एक. नीराबाईला ही तऱ्हा सरावाची होती, हंगामभर पडद्यामागं तेच तर केलं होतं. एकेक देव घरी गेला. शेवटच्या देवाआधी तिनं जनीच्या ओळी घातल्या, होडीच्या आणि आजीच्या, ठमीनं त्याही उचलल्या. बाहेर बायका म्हणाल्या, "काय गोड जुळवलंय गो पोरीनं!"

त्यानंतर नीराबाईला कुठल्या मांडवातून बोलावणं आलं नाही. नाटकगृहातही बोलपट सुरू झाले, पडदा कायमचा पांढरा झाला, आणि शिवदास परत येऊन होडीवर लागला. पण ते पुढचं. त्या दिवशी जनी होडीत चढण्याआधी आत आली, पाया पडली आणि डोळे पुसत म्हणाली, "आये, ठमी गप झाली तवा माझा जीवच उडाला व्हता. देवानंच आठवन दिली गो तिला."

नीराबाईनं लेकीचा पदर नीट केला.

"व्हय बाय," ती म्हणाली. "देवानंच."