मावशीची जखम आणि माझे उंदीर

‘पेडण्याच्या कन्येने शोधले कॅन्सरवर औषध!’ सकाळी पेपर उघडला आणि चहाचा ठसकाच लागला. ती कन्या मी. औषधाची बातमी मलाही तेव्हाच कळली.

मी लॅबमध्ये उंदरांच्या त्वचेच्या कॅन्सरवर काम करते. पेशीत एक प्रोटीन बनतं. ते किती बनतं, त्याला आम्ही एक्स्प्रेशन म्हणतो. आमच्या उंदरांत ते जास्त बनलं की कातडीवर गाठी लवकर येतात, बंद केलं की कमी येतात. एवढंच. माणसाला लावायला थेंबभरही काही नाही. बाकीचं आमच्या लॅबच्या सरांनी पत्रकाराला चहा पाजता पाजता सांगितलं होतं.

“सर, खुलासा पाठवूया.”

“कशाला गो? प्रोजेक्टचं नाव झालं, ते काय वाईट?”

रविवारी पेडण्याजवळच, चोपड्याला मावशीकडे गेले. तिच्या पायावरची जखम काही केल्या भरत नव्हती. कॅन्सरची शंका म्हणून डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली होती, म्हणजे तुकडा काढून तपासायचा.

“मी नाही जायची,” मावशी म्हणाली. “तुझं औषध येऊ दे. देवाचा कौलसुद्धा घेतला. उजवी पाकळी पडली.”

देवाच्या मूर्तीवर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा; उजवी पडली की होकार.

“अगो मावशी, औषध नाहीच आहे!”

“मग पेपरवाले खोटं छापतात?”

डोकंच फिरलं माझं. भीतीही वाटली. गाठी फुटून झालेल्या, न भरणाऱ्या जखमांचं पुढे काय होतं, ते मी उंदरांवर रोज बघते.

“देवाला नेमकं काय विचारलंस?”

“भाचीचं औषध लागू पडेल काय?”

“आणि हॉस्पिटलचं?”

“ते कशाला विचारू?”

तिला तशीच रिक्षात घालून देवळात नेलं. भटजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं, हॉस्पिटलात न्यायची तर उजवी, नाहीतर डावी. पाकळी हलेना. मी पीएचडी झालेली बाई, हात जोडून पाकळीकडे टक लावून उभी. शेवटी उजवी पडली. डावी पडली असती तर मी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला असता. नको तो रिझल्ट आला की सर प्रयोग पुन्हा का करायला लावतात, ते तेव्हा समजलं.

बायोप्सीत कॅन्सर निघाला. वेळेवर सापडला, ऑपरेशन झालं, मावशी हिंडू-फिरू लागली. आणि गावभर सांगत सुटली, “भाचीच्या औषधानं बरी झाले!” सरांनी लगेच तिचा फोटो मागितला. मी दिला नाही.

आता चोपड्याहून कोणी जखम दाखवायला आलं की मी खुलासा करत बसत नाही. एवढंच म्हणते, “औषधाचं मागाहून बघू, आधी बायोप्सीचा रिपोर्ट आणा.” निमूटपणे जातात.