कबूल म्हणायची घाई

भाईंदरला न्यायाधीश म्हणून बसत होते, तेव्हा कोणी झटकन गुन्हा कबूल केला की माझं डोकं फिरायचं. खरा गुन्हेगारसुद्धा आधी जरा आढेवेढे घेतो.

हा माणूस पन्नाशीचा, मूळचा भाईंदरजवळच्याच डोंगरी गावचा. एका जमीनवाल्या कुटुंबाच्या काशीमीऱ्यातल्या गोदामावर टेम्पो चालवायचा. मालकांच्या घरच्या मोटारीने केबिन रोडवर एका बाईला उडवलं होतं, पाय मोडला होता तिचा. मी आरोप पुरता वाचलाही नव्हता, तोच हा हात जोडून म्हणाला, "कबूल हाय." मागच्या बाकावर मालकांचा थोरला मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याचं इथे काय काम, हे मला कळेना.

"कबूल केलंत तर तुरुंगातही जावं लागेल," मी म्हटलं. "नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. कोणी दबाव आणलाय का?"

"न्हाय मॅडम. कबूल हाय."

कबुली आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यायची असते. म्हटलं, काय झालं ते तुमच्या भाषेत सांगा. तर म्हणतो, "मी हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालविले." डोंगरीत असं कोण बोलतं? कोणीतरी बसून घोटून घेतलं होतं.

"ते राहू दे. बाई दिसल्यावर काय केलंत?"

"क्लच दाबला, गिअर पाडला, तवर बाई म्होरं आली."

मी पंचनामा उघडला. मोटार ऑटोमॅटिक होती. तिला क्लचच नव्हता.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. "ही कबुली मी स्वीकारत नाही. खटला चालेल," मी सांगितलं. मागच्या बाकावरचा मोबाइल खिशात गेला.

त्याने मात्र जोडलेले हात खाली सोडले. "मॅडम, येवढं सगळं वाचलं, तर माझा पत्ता बी वाचायचा व्हता."

वाचला. मोटारमालकाचा आणि त्याचा पत्ता एकच होता. त्याची खोली मालकांच्या आवारातच होती.

माझा निर्णय बरोबर होता, आजही तोच देईन. तरी त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पुढच्या तारखेला तो वेळेवर आला. पत्ता बदलल्याचा अर्ज त्याने पुढे केला. त्यात जुना पत्ता नीट लिहिलेला होता. नव्या पत्त्याची जागा कोरी होती.