पोर्टर धरून दोन

२०२४ साली मी सत्तर वर्षांचा होतो. पोस्टिंग फेल्डहोवन, हॉलंड. ही पोस्टिंग मी मागून घेतलेली नव्हती. बायको वारली, मुलीनं गावच्या घराला कुलूप घातलं आणि मला विमानात बसवलं. मुलगी सुनंदा आणि जावई पावेल दोघंही इथल्या चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. पावेल चेक देशाचा, सुनंदाकडून कामापुरतं मराठी शिकलेला. नात तारा अकरा वर्षांची. तिला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

मी सातवी नापास. फौजेत इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली, नाईक म्हणून रिटायर झालो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी माझं शुद्धलेखन काढायला नको.

इथलं रूटीन असं. पहाटे उठायचं, दाढी, बूट पॉलिश, मग चालायला. रस्त्याचे इथं तीन भाग आहेत. मोटारीचा, सायकलीचा आणि माणसाचा. सायकलीच्या लाल पट्ट्यावर चुकून पाय पडला की मागून घंटी येते आणि घंटीच्या पाठोपाठ शिवी. दुपारचं जेवण म्हणजे पावाचे थंड तुकडे. कैदी पकडला तर त्यालाही आम्ही गरम द्यायचो. हे मी सुनंदाला बोललो. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही करा ना गरम." तेव्हापासून दुपारची भाकरी माझी मी करतो.

एप्रिलमध्ये पावेलचे वडील राहायला आले. नाव झ्डेनेक. हे नाव घेताना माझी कवळी हलते. मी दिनकरराव म्हणायला लागलो. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवलेला माणूस. पोट पुढं, चष्मा कपाळावर, खिशात कायम दोन पेनं. तो मला जनरल म्हणायचा. कौतुकानं नव्हे.

पहिल्याच दिवशी पावेल म्हणाला, "बाबा, माझे वडीलही फौजेत होते. तेव्हा आमच्याकडे फौज सगळ्यांना सक्तीची होती."

"हत्यार कोणतं?" मी विचारलं.

पावेलनं विचारून सांगितलं, "टाइपरायटर."

"सावधान करून दाखवा म्हणावं."

तो उभा राहिला. पोट बाहेर, अंगठे कुठंतरी लोंबत.

"अंगठे पँटच्या शिवणीवर पाहिजेत," मी म्हणालो. "कारकुनांना शिकवत नव्हते वाटतं."

तो चेकमध्ये दोन शब्द बोलला. पावेलनं भाषांतर केलं नाही. मी तीनदा विचारलं. "काही नाही हो बाबा," एवढंच. म्हणजे शिवी होती. त्या दिवसापासून टेबलाच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी.

ताराच्या शाळेत स्प्रेकबर्ट म्हणून प्रकार आहे. पोरानं वर्गापुढं उभं राहून एका विषयावर बोलायचं. तिचा विषय दिनकररावानं ठरवून दिला. लॅटिनच्या एकाच मुळातून आलेले इंग्रजी शब्द आणि त्यांचे चेक अर्थ. मराठीला रकाना नव्हता. त्यावरून एक वेगळं भांडण झालं, ते इथं सांगत नाही. मोठा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला होता. वर लिहिलं होतं पोर्ट, म्हणजे वाहून नेणे. खाली रिपोर्ट, सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट. सगळ्यात शेवटी पोर्टर.

मी चहाचा कप हातात घेऊन ते वाचलं आणि खुर्चीवर बसलो. त्यातला एक शब्द मी होतो.

आमची पोस्ट पीर पंजालच्या बाजूला होती. नाव सांगत नाही. खाली नाला, समोर दुश्मनाची टेकडी, मध्ये एक उघडी पायवाट. बर्फ पडलं की खालचा रस्ता बंद. फौजेत शिक्षणाचं सर्टिफिकेट नसेल तर प्रमोशन नाही, आणि आमचा सेक्शन सगळा इंग्रजीत नापास. आम्हाला खाली सोडता येत नव्हतं, म्हणून शिक्षणाचे हवालदार शेलार स्वतः वर चढून आले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. बारीक माणूस. धाप लागायची, पण खडू सोडला नाही.

त्यांची शिकवायची पद्धत वेगळी होती. ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात सात शब्द राहत नाहीत. एक राहील. म्हणून एकेकाला एकेक देतो. दुसऱ्याचा पाहिजे असेल तर त्याच्या तोंडाकडे बघायचं." वायरलेस सेट माझ्याकडे, म्हणून मी रिपोर्ट. एलएमजीवर, म्हणजे मशीनगनवर, दत्तू, म्हणून तो सपोर्ट. असं करत करत सगळ्यांना. रोज क्लासच्या आधी गिनती व्हायची.

"रिपोर्ट?"

"हाजिर!"

"सपोर्ट?"

"हाजिर!"

करीमदाद म्हणून आमचा पोर्टर होता. खालच्या गावचा गुज्जर, सिव्हिलियन. केरोसिन आणि राशन पाठीवर घेऊन वर यायचा. एकदा दाराशी चहा पीत बसला होता. म्हणाला, "उस्ताद, मेरा कौन सा?"

शेलार म्हणाले, "तू तो पहले से पोर्टर है. सबसे पुराना लफ्ज तेरा."

दत्तूनं डिवचलं, "चाचा, इम्तिहान भी देगा क्या?"

"दूँगा. पास हो गया तो बंदूक मेरी, केरोसिन तू उठा."

त्या दिवसापासून तो वर आला की गिनतीला थांबायचा. सगळ्यांत मोठ्यानं हाजिर त्याचं.

सेटवर माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. पलीकडचे ऐकत असतात. म्हणून सेटवरही हेच शब्द सुरू झाले. कंपनी कमांडर साहेबांनी चालवून घेतलं. सेटवर ते टायगर.

एका दुपारी समोरून मॉर्टर सुरू झालं. शेलार पाण्याचा जेरीकॅन आणायला गेले होते. पायवाटेवर सापडले. मी संगरच्या, म्हणजे दगडी आडोशाच्या, भोकातून बघितलं. मांडीत स्प्लिंटर होता. हात हलत होता.

"टायगर, रिपोर्ट. कॅजुअल्टी एक. उस्ताद. बाहर रास्ते पर. जिंदा है. ओव्हर."

"रिपोर्ट, टायगर. फायर रुकने तक कोई बाहर नहीं निकलेगा. कोई नहीं. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

हुकूम बरोबर होता. साहेबांच्या जागी मी असतो तरी तोच दिला असता. दत्तू एलएमजीवर दात आवळून बसला. करीमदाद दाराशी होता. त्यानं ओझ्याची दोरी खांद्यावर घेतली.

मी म्हणालो, "चाचा, बैठ जा. ऑर्डर है."

तो म्हणाला, "ऑर्डर फौज का है. मैं फौज में कहाँ?"

आणि गेला. पळाला नाही. ज्या चालीनं केरोसिन आणायचा त्याच चालीनं गेला. शेलारांना पाठीवर घेतलं, दोरी कपाळाला लावली आणि परत फिरला. बंकर पाच-सहा पावलांवर राहिला होता. शेलार माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात दुसरा गोळा पडला.

धूळ बसल्यावर मी सेट उचलला.

"टायगर, रिपोर्ट. दोनों गए. ओव्हर."

"रिपोर्ट, टायगर. अपने कितने? ओव्हर."

"दो. ओव्हर."

"पोर्टर छोड़ के बताओ. ओव्हर."

"पोर्टर मिला के दो. ओव्हर."

"रिपोर्ट, अपने जवान पूछ रहा हूँ. कितने? ओव्हर."

"दो. ओव्हर."

 साहेब वाईट नव्हते. त्यांना वर जो आकडा द्यायचा होता त्यात पोर्टर बसत नव्हता. पुढं वरच्या साहेबांपुढं माझी पेशी झाली, तिथंही मी दोनच म्हणालो. मी नाईकच राहिलो. कागदावर इंग्रजीत नापास असं कारण आहे. असू दे. रेजिमेंटच्या सेंटरला भिंतीवर शेलारांचं नाव कोरलंय. सुट्टीत दोनदा जाऊन बघितलं. करीमदादचं नाव कुठंच नाही.

आता स्वयंपाकघरात परत येतो. स्प्रेकबर्टच्या आदल्या संध्याकाळी, इथल्या रिवाजाप्रमाणं सहालाच जेवणं उरकून, दिनकरराव लाल पेन घेऊन कागदापुढं उभा राहिला. चित्रांना जागा पुरत नव्हती. त्यानं पोर्टरवर आडवी रेघ मारली.

मी म्हणालो, "पोर्टर निघणार नाही."

तारानं त्याला विचारलं, मग मला सांगितलं, "आजोबा, देदा सेज नोबडी यूजेस इट. नाऊ सूटकेसेस हॅव व्हील्स." देदा म्हणजे त्यांच्यात आजोबा.

"त्याला सांग, सगळीकडं चाकं जात नाहीत."

तो हसला. पावेलला काहीतरी म्हणाला. पावेल ओट्यावरची भांडी पुसू लागला. मी म्हणालो, "बोल की. घरातच आहोत."

"ते विचारतायत," पावेल खाली बघून म्हणाला, "जनरल शाळा किती शिकलेत."

"पावेल!" सुनंदा ओरडली.

"सातवी नापास," मी म्हणालो. "आणि हा शब्द मी शाळेत शिकलेलो नाही."

मग सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, त्याहून कमी. एवढं लांब मराठी पावेलला झेपत नाही, म्हणून मी मराठीत, तारानं इंग्रजीत, पावेलनं चेकमध्ये. सुनंदानं हे कधी ऐकलेलं नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. नळ चालू होता तो तिनं बंद केला.

दिनकररावानं सगळं ऐकलं. पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, आणि ते पावेलनं जसंच्या तसं सांगितलं, "वाईट झालं. पण हे शाळेचं पोस्टर आहे. स्मशान नाही."

"मग मी उद्या येत नाही."

"आले नाहीत तर वर्गात शांतता राहील."

"हा माणूस पाव खाऊन खाऊन थंड झालाय," मी म्हणालो. हे कुणी भाषांतर केलं नाही.

तेवढ्यात तारा खुर्चीवर चढली. "इट्स माय स्प्रेकबर्ट," म्हणाली. दोघांना. तिनं कागदाच्या कडेला, जिथं बोटभर जागा होती तिथं, उभ्या अक्षरांत पोर्टर लिहिलं. शेजारी चेक शब्द. नोसिच. म्हणजे वाहणारा. दिनकररावानं मान वाकडी करून वाचलं, तिच्या हातातून पेन घेतलं आणि शेवटच्या अक्षरावर एक छोटी खूण केली.

"राहायचंच असेल," तो म्हणाला, "तर चुकीचं राहणार नाही."

"करीमदाद पण लिही," मी ताराला म्हणालो.

"नाव नाही," तो लगेच म्हणाला. "हा शब्दांचा तक्ता आहे. नावांचा नाही."

मी भिंतीकडे बोट केलं. "रिपोर्टला तुमच्यात काय म्हणतात?"

"ह्लाशेनी." त्याला बोलायला कारणच मिळालं. ताठ होऊन सांगू लागला. इंग्रजीत हे सगळे एका घरातले. त्यांच्या भाषेत मात्र सगळ्यांची घरं वेगळी. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट गाडीच्या घरातले. सपोर्ट तिसऱ्याच घरातला. आणि ह्लाशेनी ह्लासवरून. ह्लास म्हणजे आवाज. "तुमचा रिपोर्ट पाठीवरून येतो," तो म्हणाला, "आमचा तोंडातून."

"बरं," मी म्हणालो. "मग तोंडातूनच देतो."

"काय?"

"उद्या कळेल."

"म्हणजे येणार?"

"तुम्हाला विचारून नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. इथं वारा सुटला की सायकली वाकड्या चालतात. ताराला सायकलवर तो कागद नेता येईना. पावेल गाडी काढतो म्हणाला. मी नको म्हणालो. कागदाची गुंडाळी केली, प्लॅस्टिकमध्ये घातली आणि सुतळीनं पाठीला बांधली. कोट घातला, मेडल लावली. तारा सायकलवर पुढं गेली, मी पायी, माझ्या मागं दिनकरराव धापा टाकत. वाटेत त्याचा पाय लाल पट्ट्यावर पडला. घंटी आली, शिवी आली. त्यानं वळून चेकमध्ये उलट शिवी घातली. पहिल्या दिवशी मला घातलेलीच. तेवढीच त्या माणसाची एक गोष्ट मला आवडली.

वर्गात मागं दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. तारा पुढं उभी राहिली आणि डचमध्ये बोलू लागली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. इम्पोर्ट झालं, एक्स्पोर्ट झालं. मग ती थांबली, आमचं ठरल्याप्रमाणं माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "रिपोर्ट?"

मी उभा राहिलो.

"हाजिर," मी म्हणालो. "हवालदार शेलार. पोर्टर करीमदाद. पोर्टर धरून दोन."

पोरं मागं वळून बघू लागली. त्यांना भाषा कळली नाही. तारा तशीच उभी राहिली. शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दिनकरराव उभा राहिला होता. पोट बाहेर, नजर समोर.

अंगठे शिवणीवर नव्हते. मी त्याला काही बोललो नाही.